सातवीला समीकरणं कुठून सुरू करावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूर भागात मराठी माध्यमाच्या सातवीला गणित शिकवते. पोरं हुशार आहेत. 'कुंदा मिठाईचे 3 डबे आणि 40 रुपये गाडीभाडं, एकूण 400. एक डबा केवढ्याला?' तोंडी विचारलं की चटकन 120 सांगतात. पण 3क्ष + 40 = 400 असं मांडायला हात धजत नाही. क्ष = 5 घेतलं तर 3क्ष म्हणजे 35 लिहितात, मधला गुणाकार दिसतच नाही! आणि 8 + 4 = □ + 5 दिलं की चौकटीत थेट 12. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'पुढे उत्तर लिहा' एवढंच डोक्यात बसलंय. माझ्या मते मूळ अडचण हीच. आधी दोन्ही पारडी समान ठेवणारा तराजू दाखवावा, की चौकटींचाच सराव वाढवावा? बेळगाव, निपाणीकडच्या सर-बाईंनी वर्गात काय केलं ते जरा सविस्तर सांगाल का?