टेम्परेचर कंट्रोलवालं सोल्डरिंग आयर्न कोणतं घेऊ? मदत हवी आहे

राम राम मंडळी, मी यावलकडे मोटर स्टार्टरचे ऑटो बोर्ड (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारे) रिपेर करतो, केळीवाल्यांचेच जास्त येतात. आतापर्यंत साधं 25 वॅटचं आयर्न वापरलं पण आता कंटाळलो, रिलेचा जाड पाय गरम व्हायलाच तयार नाही आणि म्हणून 60 वॅटचं लावलं तर परवा एका बोर्डाचा ट्रॅकच (तांब्याची पट्टी) उखडून बिटाला म्हणजे आयर्नच्या टोकाला चिकटून आला, वायरचा जम्पर मारून दिला कसातरी, पैसे काय मागणार मग. 60/40 ची (कथील-शिशाची) सोल्डर तार तर 190 डिग्रीच्या आतच वितळते, म्हणजे आयर्न 320-350 वर सेट केलं की काम व्हायला पाहिजे ना?

आता 936 टाइपचं स्टेशन (हीटर हँडलमध्ये, बिट वेगळं) घ्यावं की टी12 बिटवालं? टी12 मध्ये हीटर न सेन्सर बिटातच असतो म्हणून लवकर तापतं, पण बिट गेलं की सगळंच गेलं, अन् जळगावात मिळेल का? आमच्याकडे व्होल्टेज कधी 170 कधी 250, त्यात टिकेल असं सांगा. अर्थिंगची पिन पाहिजेच. बजेट दोन-अडीच हजार. रोज वापरणाऱ्या भाऊ लोकांनीच सांगा, जाड पायासाठी चपटं बिट घेऊ की चाकूसारखं?