क्वेबेकमधील पाट्या आणि कॅनडाच्या सनदेचे कलम ३३

जिज्ञासू : कॅनडाच्या १९८२ च्या हक्क व स्वातंत्र्य सनदेतील कलम १ मुळे हक्कांवर वाजवी मर्यादा घालता येतात. मग सनदेतील काही हक्क बाजूला सारून कायदा लागू ठेवण्याची मुभा विधिमंडळाला देणारे कलम ३३ वेगळे कशाला ठेवले आहे? क्वेबेक या फ्रेंच भाषकबहुल प्रांताने फ्रेंचच्या रक्षणासाठी त्याचा आधार घेतल्याचे वाचले. तसे असेल, तर तेथील इंग्रजी भाषकांचे भाषिक हक्कही विधिमंडळाला बाजूला सारता येतील का?

कलमवाचक : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. कलम ३३ चा वापर फक्त कलम २ (मूलभूत स्वातंत्र्ये) आणि कलमे ७ ते १५ (कायदेशीर व समानतेचे हक्क) यांच्याविरुद्ध करता येतो. अधिकृत भाषा आणि अल्पसंख्याकांचे भाषिक शिक्षण यांविषयीची १६ ते २३ ही कलमे, तसेच मतदानाचा हक्क, त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

दोन्ही कलमांतला खरा फरक पुराव्याच्या ओझ्याचा आहे. कलम १ चा आधार घेणाऱ्या सरकारला आपला हेतू महत्त्वाचा आहे आणि योजलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते; ही कसोटी १९८६ च्या ओक्स खटल्यात ठरली. कलम ३३ खाली मात्र हा कायदा त्या हक्कांना न जुमानता लागू राहील, अशी स्पष्ट घोषणा कायद्यातच केली की पुरते. ती पाच वर्षांनी आपोआप संपते, पण पुन्हा करता येते.

पाट्यांचा वाद भाषिक हक्कांचा वाटतो, पण तो लढला गेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, म्हणजे कलम २ च्या, आधारे. १९७७ च्या विधेयक १०१ ने, म्हणजे क्वेबेकच्या फ्रेंच भाषाविषयक कायद्याने, दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असाव्यात, असे ठरवले होते. डिसेंबर १९८८ मध्ये फोर्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फ्रेंचला धोका आहे हे मान्य केले, पण त्यासाठी इतर भाषांवर सरसकट बंदी घालण्याची गरज सिद्ध झालेली नाही, असे म्हटले. फ्रेंच ठळकपणे वरचढ ठेवण्याची अट मात्र चालली असती. मुख्यमंत्री रॉबेर बुरासा यांनी त्याच महिन्यात कलम ३३ वापरून विधेयक १७८ आणले : बाहेर केवळ फ्रेंच, आत काही अटींवर इतर भाषा. त्यांच्या तीन इंग्रजी भाषक मंत्र्यांनी राजीनामे दिले. अखेर १९९३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचे प्रतिकूल मत आल्यानंतर, विधेयक ८६ ने न्यायालयाने सुचवलेलाच मार्ग धरला. पाच वर्षांचा हा वळसा टाळता आला असता, असे मला वाटते.

उत्तरतीर : वरील मांडणी अचूक आहे, पण फ्रेंच भाषकांची बाजू तीत लंगडी पडते. १९८२ च्या घटनादुरुस्तीला क्वेबेकच्या सरकारने संमती दिलीच नव्हती. निषेध म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री रने लेवेक यांच्या सरकारने आपल्या सर्व कायद्यांना कलम ३३ ची घोषणा जोडली. त्यामुळे तेथे अनेकांना हे कलम म्हणजे हक्कभंगाची पळवाट न वाटता, आपल्या विधिमंडळाचा शब्द शेवटचा असल्याची खूण वाटते.

शिवाय जिथे हे कलम पोहोचत नाही, तिथे क्वेबेक हरलेला आहे. आईवडिलांपैकी एकाचे प्राथमिक शिक्षण क्वेबेकमध्येच इंग्रजीतून झाले असेल, तरच मुलाला सरकारी इंग्रजी शाळा, हा विधेयक १०१ मधील मुख्य नियम अल्पसंख्याकांच्या भाषिक शिक्षणाविषयीच्या कलम २३ पुढे १९८४ मध्ये टिकला नाही. कॅनडात कोठेही इंग्रजीतून शिकलेले आईवडील पुरेसे ठरले. मात्र १९८२ च्या घटना कायद्यातील (सनदेबाहेरील) कलम ५९ मुळे, केवळ मातृभाषा इंग्रजी असल्याच्या आधारावर मिळणारा हक्क क्वेबेकमध्ये लागू झालेला नाही. याचा फटका परदेशातून आलेल्या इंग्रजी भाषकांना बसतो.

जिज्ञासू : आणि फ्रेंचचे स्थान आणखी बळकट करणारे क्वेबेकचे २०२२ चे विधेयक ९६?

कलमवाचक : त्यात कलम ३३ आधीच, कोणत्याही निकालाची वाट न पाहता, संपूर्ण कायद्याला लावले आहे. माझा आक्षेप इथेच आहे. १९८८ मध्ये सरकार हरले, तरी फ्रेंचच्या स्थितीविषयीचा पुरावा न्यायालयापुढे आला होता आणि न्यायालयाने तो मानलाही होता. घोषणा आधीच केली की सरकारवर असा पुरावा मांडण्याची वेळच येत नाही.