मदत हवी आहे : रवांडाच्या अभ्याससहलीतून मुराम्बी वगळावे का?

शाईदौत : आम्ही बावीस विद्यार्थी आणि दोन शिक्षक रवांडातील १९९४ च्या तुत्सी-नरसंहाराची स्मारके पाहण्यासाठी जात आहोत. आयोजकाने न्यामाता, न्तारामा आणि मुराम्बी ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात बसवली आहेत, तर दोन पालकांनी तेथे जतन केलेल्या प्रेतांची छायाचित्रे पाहून मुराम्बी वगळण्याचा आग्रह धरला आहे. परवा पैसे भरायचे असल्याने ते ठेवावे की वगळावे, एवढेच कृपया सांगावे.

गारवेल : एवढेच कसे सांगणार? विद्यार्थ्यांचे वय आणि सहलीच्या तारखा आपण लिहिलेल्या नाहीत. माझ्या मते वगळावे. राजधानी किगालीतील गिसोझीचे स्मारक पुरेसे आहे : तेथे अडीच लाखांहून अधिक बळींचे दफन झाले आहे आणि बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी अशी जमातीची नोंद कशी आणली, तेही तेथे समजते. कारणे न कळता नुसती प्रेते पाहिली, तर मुले फक्त हादरतील.

टेकडीवरून : मी असहमत आहे. किगालीत नोकरीला असताना मी मुराम्बीला दोनदा गेलो. ते अपूर्ण राहिलेले तंत्रविद्यालय आहे. संरक्षण मिळेल असे सांगून अधिकाऱ्यांनीच हजारो तुत्सींना तेथे जमवले, पाणी तोडले आणि २१ एप्रिल १९९४ रोजी त्यांची कत्तल झाली. पुढे त्याच आवारात फ्रेंच सैन्याने तळ ठोकला. चुन्यात जतन केलेली प्रेते असलेल्या खोल्या पाहणे मलाही जड गेले, परंतु प्रशासन यात कसे सामील होते, हे मला त्या आवारात उभे राहिल्यावरच उमगले. खरी अडचण अंतराची आहे : न्यामाता किगालीपासून साधारण तीस किलोमीटरवर, तर मुराम्बी दीडशेच्या आसपास. एका दिवसात तिन्ही म्हणजे केवळ हजेरी लावणे.

रानवाट : गोरिला पाहण्याचा परवाना परदेशी पर्यटकांना १,५०० डॉलरला पडतो, तो आधीच काढावा.

शाईदौत : गोरिलांविषयी मी विचारलेले नाही. विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे आहेत आणि आम्ही ५ ते ११ एप्रिल तेथे असू.

टेकडीवरून : हे आधी सांगायला हवे होते! ७ एप्रिलपासून ‘क्विबुका’चा, म्हणजे नरसंहाराच्या स्मरणाचा, शोकसप्ताह सुरू होतो, त्या दिवशी गिसोझीत राष्ट्रीय कार्यक्रम असतो आणि आठवडाभर करमणुकीचे कार्यक्रम बंद असतात. गिसोझी ६ तारखेलाच उरकावे. तसेच कोणालाही “तुम्ही हुतू की तुत्सी?” असे विचारू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावावे.

गारवेल : वय कळल्यावर माझा विरोध थोडा सौम्य झाला आहे, तथापि त्या खोल्यांत जाण्याची सक्ती नसावी. न्यामाताच्या चर्चमधील बाकांवर मृतांच्या कपड्यांचे ढीग आहेत. काहींना तेच पुरेसे होईल.

लसटोचक : पीतज्वराच्या लशीचे काय? ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि अधिकृत केंद्रांतच मिळते. आपले विमान इथिओपियातील आदिस अबाबामार्गे आहे का? तो देश पीतज्वराच्या धोक्याच्या यादीत आहे, म्हणून विचारतो.

शाईदौत : हो, तेथेच विमान बदलायचे आहे, लशीचे आयोजकाने काहीच सांगितले नव्हते, आजच चौकशी करते. मुराम्बी ९ तारखेला स्वतंत्र ठेवते आणि खोल्यांत जाणे ऐच्छिक करते. मात्र जादा दिवसाच्या बसभाड्याचा आकडा आयोजक सांगतो तो फार वाटतो.

टेकडीवरून : किती सांगतो, ते लिहिलेच नाहीत आपण.