मदत हवी आहे: मोझॅक फरशीवर राहिलेला व्हिनाइलचा गोंद, पॉलिश न घालवता कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

सांगलीला आईच्या घरात हॉल आणि मधल्या खोलीत १९७८ सालच्या मोझॅक टाइल्स आहेत. हिरवट रंगाच्या सिमेंटमध्ये पांढऱ्या-काळ्या संगमरवराच्या चिपा. मधली काही वर्षं घर भाड्याने दिलं होतं. भाडेकरूंनी आम्हाला न विचारता दोन्ही खोल्यांत लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल चिकटवलं. आता आई परत तिथे राहायला जाणार म्हणून आम्ही ते उचकटलं. शीट निघाली, गोंद तसाच राहिला.

गोंद पिवळट-तपकिरी आहे, बहुतेक रबरवाला. दातेरी पट्टीने ओढल्यामुळे खोलीभर समांतर रेघा आहेत: रेघेवर जाड, दोन रेघांच्या मध्ये पातळ पापुद्रा. येण्याजाण्याच्या वाटेवर त्यात धूळ बसून तो काळा झालाय, आणि अनवाणी चाललं की तळवा चटचट चिकटतो. लोखंडी कपाटाखाली मात्र त्यांनी व्हिनाइल घातलंच नव्हतं. तिथली फरशी ओल्या फडक्याने पुसली तर खिडकीचे गज त्यात दिसतात. बाकीची खोलीही अशीच निघावी, एवढंच हवंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगते.

साबणाच्या गरम पाण्याने काहीच झालं नाही. हेअर ड्रायरने गरम करून जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं तर जाड रेघा वळ्या होऊन छान सुटतात. ओरखडा नाही, डाग नाही. वेळ लागतो, पण त्याची तयारी आहे. अडचण पातळ पापुद्र्याची आहे, तो गरम करूनही पसरतो फक्त. दाराआडच्या एका टाइलवर रंगाऱ्यांचं टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन चोळलं. पापुद्रा विरघळला, पण टाइल तिथे गडद पडली. दुसऱ्या दिवशी गडदपणा थोडा कमी झाला, कडा अजून दिसते. विरघळलेला गोंद चिपांच्या आजूबाजूच्या सिमेंटमध्ये मुरला असावा असं वाटतंय.

शेजारच्या काकूंपासून हार्डवेअरच्या दुकानदारापर्यंत सगळे 'ॲसिड टाका' म्हणतात. ते मी करणार नाही, आणि कुणी इथे सुचवणार असेल तर कारणही लिहिते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे आपली फरशीच विरघळत असते. चिपा आणि सिमेंट दोन्ही खातं, चकाकी जाते, आणि रबरी गोंदाला मात्र काही होत नाही. बाथरूमचे बरेच टाइल क्लीनर ॲसिडचेच असतात. व्हिनेगर आणि लिंबूही त्यातच आले.

पॉलिशवाल्याने बघून सांगितलं, 'ताई, सरळ मशीन मारून घ्या.' मला दोन शंका आहेत. गोंद असताना मशीन मारली तर मशीनचा घासायचा दगड गोंदाने भरून जाणार आणि घर्षणाने गोंद वितळून आणखी पसरणार ना? शिवाय मोझॅक टाइलमध्ये चिपांचा थर वरचे काही मिलिमीटरच असतो, खाली साधं सिमेंट. आमच्या फरशीला आधी एकदा मशीन लागलेलं आहे. अजून किती घासायची?

तर विचारायचं ते असं:

पातळ पापुद्र्यासाठी टर्पेंटाइन बरं, थिनर की ॲसिटोन? ॲसिटोन झटकन उडतं म्हणून कमी मुरेल असं वाटतं, पण गोंद सुटायच्या आतच उडून जाईल का?

मुरलेला डाग ओढून काढायला पांढऱ्या खडूच्या भुकटीत तेच द्रावण कालवून लेप द्यायचा, वर प्लॅस्टिक लावून रात्रभर ठेवायचं आणि मग उघडा करून पूर्ण वाळू द्यायचा, असं वाचलंय. मोझॅकवर कुणी प्रत्यक्ष केलंय का? हिरव्या रंगाला धक्का लागतो का?

गोंद पूर्ण निघाल्यावर फक्त बारीक नंबरच्या दगडाने हलका हात मारून भागेल का? पॉलिशवाले शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर घासतात, तीही माफक असेल तर चालते ना?

हेही सांगते: खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातली समई विझवलेली आणि हातात रबरी मोजे असल्याशिवाय थिनरची बाटली उघडणार नाही. आई तेव्हा मावशीकडे असेल.

'वरून व्हिट्रिफाइड टाका' हा सल्ला कृपया नको. ही फरशी बाबांनी चिपांचा रंग स्वतः निवडून घातली होती, आणि आईला तीच हवी आहे.

सांगली, मिरज किंवा कोल्हापूरकडे जुन्या मोझॅकचं काम जपून करणारा कुणी कारागीर माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. खोल्या रिकाम्याच आहेत, कधीही येऊन बघता येईल.