मदत हवी आहे: गॅडोलिनियम-लोह मिश्रधातूचं कॉम्पेन्सेशन तापमान एका रनमध्ये दिसतं, दुसऱ्यात गायब

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गॅडोलिनियम-लोह या अस्फटिकी, फेरीमॅग्नेटिक (दोन प्रकारच्या अणूंचं चुंबकत्व उलट दिशेला, पण असमान) मिश्रधातूचं चुंबकत्व तापमानानुसार कसं बदलतं, त्याचं मॉडेल करतेय. ज्या तापमानाला ही दोन उलट चुंबकत्वं बरोबरीत येऊन बेरीज शून्य होते, ते कॉम्पेन्सेशन तापमान. दोन आठवडे एकाच जागी अडकलेय.

वडिलांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं. त्यांना सांगितलं, स्फटिक म्हणजे आपली चादर, ठरावीक अंतरावर तेच फूल पुन्हा. हा धातू म्हणजे वाकळ. तुकडे कसेही जोडलेले, पण शेजारी प्रत्येकाला आहेत. तेच धरून एफसीसी जाळी घेतली (घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यांवर जागा, प्रत्येकाला १२ शेजारी) आणि ४००० जागांवर अणू यादृच्छिक टाकले. प्रत्येक जागी २० टक्के शक्यता गॅडोलिनियमची, नाहीतर लोह. लोह-लोह बंध जोरदार आणि समांतर, लोह-गॅडोलिनियम कमजोर आणि उलट दिशेचा. चुंबकी आघूर्ण (एका अणूच्या चुंबकत्वाचं माप) लोहाला १.९२ आणि गॅडोलिनियमला ७.६३ बोर मॅग्नेटॉन (त्याचं एकक). मॉंटे कार्लो पद्धत (यादृच्छिक बदल करत सरासरी काढायची), १०-१० केल्विनच्या पायऱ्या.

तीन रन केले. दोनदा एकूण चुंबकत्व शून्य झालंच नाही, तिसऱ्यांदा ३० केल्विनच्या आसपास झालं. कोड तोच, फक्त सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) वेगळं. पायथॉनमध्ये एका रनला अख्खी रात्र जाते, आणि दिवसा या उन्हात लॅपटॉप तापून बंद पडतो. चूक कुठे शोधू?

प्रतिसाद १

कोड बाजूला ठेवा, आधी वहीवर शून्य केल्विनचा हिशेब करा. गॅडोलिनियमचा वाटा x धरला तर एका बाजूला ७.६३x, दुसऱ्या बाजूला १.९२(१−x). दोन्ही समान होतात x = ०.२०१ला. म्हणजे तुम्ही नेमक्या उंबरठ्यावर उभ्या आहात.

गॅडोलिनियमला मुख्यतः लोहाचा कमजोर बंध धरून ठेवतो, त्यामुळे तापवल्यावर ते लोहापेक्षा लवकर विस्कटतं. सुरुवातीला त्याचं पारडं जड असेल तरच ते पुढे लोहाच्या बरोबरीला उतरेल आणि बेरीज शून्य होईल. सुरुवातीलाच लोह जड असेल, तर बरोबरी होणारच कधी? प्रत्येक रनमध्ये गॅडोलिनियमचे अणू प्रत्यक्षात किती पडले, ते मोजा. ४००० जागांत २५ इकडेतिकडे सहज होतात.

धागाकर्ती

सर, मोजले! ७९४, ७९१ आणि ८२३. उंबरठा ८०४ला येतो, आणि शून्य दिसलं ते ८२३च्याच रनमध्ये. दोन आठवडे मी बंधांचे आकडे बदलत बसले होते. काल रात्री मोजून १००० गॅडोलिनियम ठेवले, फक्त जागा फेटल्या. कॉम्पेन्सेशन तापमान आता ठळक दिसतंय, सीड बदललं तरी फार हलत नाही.

एकच राहिलं. अगदी कमी तापमानाला माझा आलेख सरळ रेषेत उतरतो, पुस्तकात मात्र तिथे तो जवळजवळ सपाट आहे. हीसुद्धा माझीच चूक का?

प्रतिसाद १

नाही, ती मॉडेलची मर्यादा आहे. तुमचे स्पिन (अणूंचे छोटे चुंबक) अभिजात, म्हणजे पुंजभौतिकीचे नियम न लावलेले आहेत, कितीही थोडे कलू शकतात, म्हणून थोड्याशा उष्णतेनेही लगेच कलतात. खऱ्या धातूत ऊर्जा पुंजांत मिळते, त्यामुळे तिथे ब्लॉखचा नियम लागतो: चुंबकत्वातली घट तापमान T च्या ३/२ घाताच्या प्रमाणात, म्हणून आलेख सुरुवातीला जवळजवळ सपाट. आलेख तसाच ठेवा आणि प्रबंधात हे कारण स्पष्ट लिहा. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.