‘उठावाविरुद्ध उठाव’: कोण उठलं, कोणाविरुद्ध?

प्रश्न

म्यानमारवर एक टिपण लिहिते आहे. १ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथून जे अनुदिनीकार (ब्लॉगर) लिहीत राहिले, त्यांच्या नोंदी हाच आधार. दुसऱ्याच परिच्छेदात हातून असं वाक्य उतरलं: ‘लष्करी उठावानंतर आठवडाभरातच उठावाविरुद्ध मोठा उठाव झाला.’ व्याकरणात चूक नाही, पण कोण उठलं आणि कोणाविरुद्ध, हे मलाच पुन्हा वाचून लावावं लागलं. कोशात उठाव, बंड, क्रांती हे तिन्ही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडले, म्हणजे मी होते तिथेच. कोणता शब्द कुठे वापरावा? आणि लष्करी उठावासाठीचा इंग्रजी शब्द (coup) ‘कू’ असा सरळ देवनागरीत लिहिला तर चालेल का?

उत्तर

‘कू’ नको. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोकिळा येते.

गोंधळ तुमचा नाही, ‘उठाव’ या शब्दाचाच आहे. उठण्याचं हे नाम, कोण उठलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. बाजारात मालाला उठाव असतो, छायेमुळे चित्राला उठाव येतो, आणि देशातही उठाव होतो. १९५६ साली बुडापेस्टमध्ये विद्यार्थी आणि कामगार सोव्हिएत रणगाड्यांपुढे उभे राहिले तो उठाव. आणि सेनापती पहाटे पंतप्रधानाच्या दारात चिलखती गाड्या उभ्या करतो तोही उठाव. पहिल्या उल्लेखात ‘लष्करी’ हे विशेषण असतं, तिसऱ्या उल्लेखापर्यंत ते गळून पडतं. तुमच्या वाक्यात नेमकं तेच झालंय.

लष्करापुरता माझा उपाय साधा आहे: नाम शोधतच बसू नका. ‘लष्कराने सत्ता बळकावली.’ मराठी वाक्य क्रियापदावर छान चालतं. बातम्या भाषांतरित करता करता आपण उगाच नामांच्या मागे लागलो आहोत. ‘बळकावली’ म्हटलं की हक्क नव्हता हेही त्यातच आलं.

काहीजण ‘सत्तापालट’ लिहितात, मला तो शब्द इथे मिळमिळीत वाटतो. पालट हवेतही होतो. ‘सत्तांतर’ तर मतपेटीतूनही होतं, किंबहुना तिथेच ते शोभतं. म्यानमारमधली नोव्हेंबर २०२० ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने मोठ्या फरकाने जिंकली होती. नवी संसद ज्या दिवशी भरायची त्याच दिवशी पहाटे त्यांना धरलं. याला सत्तांतर म्हणणं म्हणजे सेनापतीच्या पत्रकाचं मुद्रितशोधन करून देणं.

‘बंड’ची गोष्ट वेगळी आहे. बंड खालचा वरच्याविरुद्ध करतो. त्या शब्दात वरच्याची सत्ता आधी मान्य केलेली असते. म्हणून पक्षात बंड होतं, तिकीट न मिळालेला बंडखोर ठरतो आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी बंडोबाचा थंडोबा होतो. १८५७ ला ‘शिपायांचं बंड’ म्हणणारा आणि ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणणारा एकाच घटनेबद्दल बोलत होते, पण हुकूम द्यायचा अधिकार कोणाचा, यावर दोघांची उत्तरं उलटी होती. म्यानमारमधल्या यांगून शहराच्या रस्त्यावरच्या माणसांना तुम्ही बंडखोर म्हणालात, तर लष्कर हेच तिथलं कायदेशीर सरकार असल्याचं नकळत लिहून बसाल. एखादी तुकडी लष्करातून फुटली तर मात्र ते बंडच, तिथे दुसरा शब्द नको.

आणखी एक

बंगालीतही हीच पंचाईत आहे. तिथे शब्द आहे ‘अभ्युत्थान’. लोकांनी केला की ‘गणअभ्युत्थान’, लष्कराने केला की ‘सामरिक अभ्युत्थान’. जुलै-ऑगस्ट २०२४ मधल्या ज्या घटनांनंतर ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या, त्यांना बांगलादेशात गणअभ्युत्थान म्हणतात. त्यावरून सुचतं: म्यानमारच्या लोकांसाठी ‘जनउठाव’ का नको? एक जोड लावली की काम भागतं.

त्याच आंदोलनातला दुसरा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. १४ जुलैला पंतप्रधानांनी आरक्षणाच्या वादात ‘रझाकारांच्या नातवंडांचा’ उल्लेख केला आणि त्याच रात्री ढाका विद्यापीठात मुलं ओरडू लागली: ‘तूमी के? आमी के? रझाकार, रझाकार!’ रझाकार म्हणजे मुळात स्वयंसेवक. तिकडे त्याचा अर्थ १९७१ साली पाकिस्तानी लष्कराला साथ देणारा, इकडे मराठवाड्यात १९४८ पूर्वीचा निजामाचा रझाकार. दोन्हीकडे शिवीच. ती शिवी पोरांनी उपरोधाने अंगावर ओढून घेतली. हे मराठीत आणताना तळटीप टाळता येणार नाही, नाहीतर मराठवाड्यातला वाचक भलतंच समजेल.

उत्तर (पहिलेच)

ओळखीच्या शब्दांवरून आठवलं. अरब देशांतलं वाचताना मराठी माणूस सगळ्यात जास्त फसतो तो ‘इन्किलाब’वर. आपल्या कानात हा शब्द बसला तो हसरत मोहानींच्या घोषणेतून आणि ८ एप्रिल १९२९ ला मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी तीच घोषणा दिली म्हणून. आपल्याला तो पवित्र शब्द. फारसीतही तो क्रांतीच आहे, तेहरानमधला मोठा रस्ता त्या नावाचा आहे. पण आजच्या अरबीत ‘इन्किलाब’ म्हणजे लष्कराने सत्ता बळकावणं! क्रांतीला ते ‘सौरा’ म्हणतात. मूळ धातूचा अर्थ उलथणं, पालथं करणं. आता कोण उलथतंय यावरून दोन भाषांनी दोन वाटा धरल्या.

३ जुलै २०१३ ला इजिप्तमध्ये लष्करप्रमुख सिसी यांनी निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. त्याआधी ३० जूनला मोर्सींविरुद्ध प्रचंड गर्दी रस्त्यावर उतरली होती. त्यानंतर कैरोत एखाद्याचा कल ओळखायला एक शब्द पुरे होता. जे घडलं त्याला तो ‘इन्किलाब’ म्हणतो का ‘सौरा’, एवढंच ऐकायचं. आता कल्पना करा, मोर्सींच्या बाजूच्या एखाद्या ब्लॉगरने चिडून लिहिलंय ‘हा इन्किलाब आहे’, आणि आपण मराठीत उतरवलं ‘ही क्रांती आहे’. बिचाऱ्याचं सगळं लिखाणच पालथं झालं.

तहरीर चौकाचंही तसंच. उर्दूत तहरीर म्हणजे लिखाण, अरबीत मुक्ती. पण अरबीत त्याच शब्दाचा अर्थ संपादन असाही आहे. वृत्तपत्राच्या मुख्य संपादकाला ‘रईस अत्-तहरीर’ म्हणतात. ज्या चौकातून लिहिणाऱ्यांनी २५ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०११ हे अठरा दिवस जगाला कळवले, त्याच्या नावातच संपादन असावं, हा योगायोग मला भारी आवडतो.

प्रश्न (मूळ विचारणारी)

मग ट्युनिशियाच्या क्रांतीचं काय? इंग्रजी ‘जॅस्मिन रेव्होल्यूशन’चं ‘जाईची क्रांती’ असं एकदा लिहिलं होतं, स्वतःलाच ते भावगीतासारखं वाटलं.

उत्तर (तिसऱ्या एकीचं)

वाटलं ते बरोबरच आहे. ट्युनिशियातल्या अनेकांना ते फुलाचं नाव मुळीच रुचलं नाही. एक तर १९८७ मध्ये बेन अली सत्तेवर आले तेव्हा त्या घटनेलाही हेच गोंडस नाव मिळालं होतं. दुसरं, सुरुवात फुलांनी झाली नव्हती. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझीद या गावात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने माल जप्त झाल्यावर स्वतःला पेटवून घेतलं, ४ जानेवारीला तो गेला, १४ जानेवारीला बेन अली देशाबाहेर पळाले. तिथले लोक म्हणतात ‘सौरत अल्-करामा’. करामा म्हणजे प्रतिष्ठा, माणूस म्हणून असलेला मान. त्याच मुळातून मराठीत ‘करामत’ आली, पण तिची हातचलाखी झाली! म्हणून अनुवादात करामा तसाच ठेवू नये. ‘सन्मानाची क्रांती’ म्हणावं. युक्रेनमध्येही २०१३-१४ च्या आंदोलनाला ‘सन्मानाची क्रांती’ असंच म्हणतात, म्हणजे शब्द दोन्हीकडे जुळतो.

ट्युनिशियातला स्लीम अमामू या ब्लॉगरला ६ जानेवारीला अटक झाली होती आणि दोन आठवडे व्हायच्या आत तो हंगामी सरकारात युवक व क्रीडा खात्यात होता. मे महिन्यात त्याने राजीनामा दिला. त्याला ‘अनुदिनीकार’ म्हणावं का, हा मला खरा प्रश्न पडतो. अनुदिनी म्हटलं की रोज दिवा लावून लिहिणारं कोणी डोळ्यांपुढे येतं. मी सरळ ‘ब्लॉगर’ लिहिते.

‘अरब वसंत’ मात्र लिहू नये, असं मला वाटतं. १९६८ चा प्रागचा वसंत ठीक होता, बर्फ वितळण्याची ती कल्पना त्या हवेतली आहे. (ऑगस्टमध्ये रणगाडे आले, ते वेगळं.) इथे मुळात सगळं डिसेंबर-जानेवारीत पेटलं. नुसतं ‘अरब स्प्रिंग’ लिहिलं तर गादीतली स्प्रिंग आठवते, हा भाग निराळाच.

उत्तर (पहिलेच)

रंगांचंही सांभाळा. २००७ मध्ये म्यानमारमध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले. तिथल्या ब्लॉगरांनी छायाचित्रं बाहेर धाडली तेव्हा सरकारने सप्टेंबरच्या अखेरीस देशाचं इंटरनेटच तोडलं. त्या आंदोलनाचं इंग्रजी नाव केशरावरून आहे. माझ्या डोळ्यांदेखत एकाने त्याचं ‘भगवी क्रांती’ केलं. मराठीत या दोन शब्दांमधून काय अर्थ निघतो ते सांगायला नको. ‘केशरी’सुद्धा फसवंच, कारण तिथल्या भिक्खूंची चीवरं बहुतेक गडद तांबडी. मी ‘भिक्खूंचं आंदोलन’ लिहितो आणि मोकळा होतो.

आणखी एक

‘आंदोलन’ आणि ‘क्रांती’ यांतही लोक फरक करतात. २०१४ मध्ये हाँगकाँगमध्ये अश्रुधुरापासून बचावाला छत्र्या उघडल्या गेल्या. बाहेरच्या पत्रांनी झटकन ‘छत्री क्रांती’ छापलं. आंदोलनातल्या पुष्कळांनी हरकत घेतली: आम्ही सरकार उलथवायला नव्हे, खुली निवडणूक मागायला बसलो आहोत. म्हणून ‘छत्री आंदोलन’. एकोणऐंशी दिवस चाललेल्या ठिय्याला मराठीतही हाच शब्द शोभतो. शिवाय आंदोलनात मूळचं झुलणं आहे, मागे-पुढे. क्रांतीला मागे येता येत नाही.

तिथेच २०१९ मध्ये शब्दावरून तुरुंगापर्यंत मजल गेली. १२ जूनच्या चकमकीला सरकारने ‘दंगल’ म्हटलं. हा शब्द मागे घ्या, ही आंदोलकांच्या पाच मागण्यांपैकी एक मागणी होती. बाहेरच्याला वाटेल, शब्दाला काय एवढं? तिथल्या कायद्यात दंगलीच्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा पोलिसांचं पत्रक बघून ‘दंगलखोर’ लिहू नका, आणि लिहायचंच असेल तर ‘पोलिसांच्या मते’ हे दोन शब्द गाळू नका.

उत्तर (तिसऱ्या एकीचं)

मुद्दाम आडून वापरलेले शब्दही असतात, ते तर जसेच्या तसे आणून समजावूनच सांगावे लागतात. चिनी नेटकरी ‘३५ मे’ लिहितात. ३१ मेनंतर दिवस मोजत जा, ४ जून येतो, १९८९ चा, तिआनानमेन चौकातलं आंदोलन चिरडलं तो दिवस. ४ जून हे आकडे गाळले जातात, म्हणून ही नसलेली तारीख. ‘सुसंवादी समाज’ ही सरकारी घोषणा होती, त्यामुळे मजकूर उडवला की लोक म्हणू लागले, ‘माझ्या नोंदीचा सुसंवाद झाला’. मग ‘सुसंवाद’ हाच शब्द अडू लागला, तेव्हा चिनीत जवळजवळ तोच उच्चार असलेला ‘नदीतला खेकडा’ आला. ‘माझी नोंद खेकड्याने नेली’ हे मराठीत कळायला थोडा वेळ लागतो, पण कळलं की सोडवत नाही.

इथिओपियातल्या ब्लॉगरांच्या एका गटाने स्वतःला ‘झोन ९’ म्हणवलं. अदिस अबाबाजवळच्या कालिटी तुरुंगात आठ विभाग होते; नववा विभाग म्हणजे भिंतीबाहेरचा सगळा देश. एप्रिल २०१४ मध्ये त्यांच्यातल्या सहा जणांना पकडलं आणि ते भिंतीच्या आत गेले. याचं ‘नववा विभाग’ करावं का ‘नववी बराक’? मला ‘बराक’ जवळचं वाटतं, तुरुंग लगेच दिसतो.

प्रश्न (मूळ विचारणारी)

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलंय: ‘१ फेब्रुवारीला पहाटे लष्कराने सत्ता बळकावली. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता यांगूनमधल्या घराघरांतून लोक भांडी बडवू लागले. पिशाच्च घालवायची ही तिथली जुनी रीत. आठवड्याच्या आत हा जनउठाव रस्त्यावर आला.’

उत्तर (पहिलेच)

झकास. फक्त ‘जनउठाव रस्त्यावर आला’ ऐवजी ‘लोक रस्त्यावर आले’ करा. उठाव काय, आपल्या पायाने चालत येतो होय?