मान्यता नसलेलं बी.एड. कॉलेज : मुलांचं हॉल तिकीट अडवावं का?

गोदाकाठ :
कॉलेजची मान्यता अडकली की पहिला फटका छात्राध्यापकांना, म्हणजे तिथे शिकणाऱ्या भावी शिक्षकांना बसतो. सराव पाठ झालेले असतात, टाचणवहीच्या (पाठाच्या तयारीच्या वहीच्या) पानापानावर मेथडच्या (अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या) सरांची लाल सही असते, आंतरवासिता म्हणजे शाळेतली उमेदवारी संपलेली असते आणि परीक्षेच्या तोंडावर कळतं, हॉल तिकीट येणार नाही. १९९३ च्या एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) कायद्याचं कलम १६ म्हणतं की परिषदेच्या विभागीय समितीची मान्यता नसेल तर विद्यापीठाने संलग्नता द्यायची नाही, परीक्षाही घ्यायची नाही. मान्य. पण ज्या विद्यापीठाने पात्रता अर्ज तपासला, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) दिला, परीक्षेची फी घेतली, त्याने ऐनवेळी हात वर करायचे? अशा मुलांना परीक्षेला बसू द्यावं. कारवाई करायची ती संस्थाचालकांवर करा.

सातपुडा :
साफ अमान्य. १९९२ मध्ये हेच झालं होतं. विनामान्यता संस्थेतल्या मुलांना परीक्षेला बसू द्या असं उच्च न्यायालय म्हणालं, महाराष्ट्र सरकार अपिलात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्राध्यापक फक्त हजेरीपटावर, पाठ न घेताच गुण, असा शिक्षक उद्या आठवीच्या वर्गावर उभा राहणार. त्या पोरांच्या बाजूने कोण याचिका करतं? शिक्षक प्रशिक्षणाची तपासणी करणारा न्या. वर्मा आयोग महाराष्ट्रातल्याच डी.एड. (प्राथमिक शिक्षकांच्या) कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून नेमला गेला, हे तरी विसरू नका.

कोर्टकचेरी :
दोघंही दोन वेगळे प्रकार एकत्र करताय. मान्यता होती आणि नंतर काढली, तर कलम १७ प्रमाणे तो आदेश कळवल्यानंतरच्या पुढच्या शैक्षणिक सत्राच्या अखेरीपासून लागू होतो. म्हणजे मधल्या मुलांना कायद्यानेच आधार दिलाय आणि तिथे हॉल तिकीट अडवणं चूक आहे. ज्या कॉलेजला मान्यता कधी नव्हतीच, तिथल्या मुलांना मात्र हा आधार नाही. ती मुलं न्यायालयाच्या अंतरिम (तात्पुरत्या) आदेशावर पेपर देतात, निकाल राखून ठेवला जातो आणि याचिका फेटाळली की हाती काहीच उरत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत त्या पदवीवर नोकरीही नाही. अशा मुलांना परीक्षेला बसवणं म्हणजे त्यांची आणखी वर्षं घालवणं.

गोदाकाठ :
दुसऱ्या प्रकाराबद्दल पटलं. मग त्यांना मान्यताप्राप्त कॉलेजातल्या रिकाम्या जागांवर घ्या. खेड्यातून आलेली मुलगी एनसीटीईचा आदेश कुठे शोधणार? मान्यता तपासणं पहिल्या सत्रातच विद्यापीठाचं काम होतं.

सातपुडा :
घ्या, पण सराव पाठ आणि आंतरवासिता पुन्हा पूर्ण करायला लावून. जुने गुण चालणार नाहीत.

गोदाकाठ :
चालेल. फक्त त्या वाढीव वर्षाची फी जुन्या संस्थेकडून वसूल व्हावी, मुलांच्या आईबापांकडून नव्हे.

सातपुडा :
त्याला माझा विरोध नाही. विनामान्यता कॉलेजच्या नावाने परीक्षा घ्यायला मात्र आहे आणि राहील.